मचव्याचा तळ

माजा जन्म मांडवीचा, सुताराच्या घरातला. बापूस मचवे बांधायचा. लाकडावर हातोडीची टिचकी मारायची, कान लावायचा नि आत कीड आहे की नाय सांगायचं, हे त्याच्याकडनंच शिकलो. पुढं बंदरावर लाकूड टिकवायच्या परीक्षा सुरू झाल्या तेव्हा बंदराच्या कचेरीतल्या सायबानं मला बोलावलं, काय सांगू तुमाला, तऱ्हेतऱ्हेची तेलं लावलेले तुकडे खाडीत बुडवायचे नि सहा महिन्यांनी फोडून बघायचे. सगळे पोखरलेले, बाहेरनं मोहरीएवढी भोकं नि आत नुसती चाळण, डांबराचा तेवढा धड. तेव्हापासून लोक मला लाकडाचा डॉक्टर म्हणायला लागले, नि मला पण तसंच वाटायला लागलं.

धाकटा भाऊ गोविंदा, त्याचा मचवा होता. आमच्याकडं दर अमावास्येला मचवा वाळूत आडवा करतात नि सुक्या झावळ्या पेटवून तळ शेकतात, म्हणजे कीड आतल्या आत मरते. मी त्याला म्हटलं, सोड ते जुनं, डांबर फास नि निर्धास्त जा. तो म्हणाला, दादा, तू म्हणतोस ना, मग झालं.

आता माज्या अकलेला काय म्हणू. कचेरीतला तुकडा आमी कढत डांबरात दिवसभर शिजवलेला, मचव्याला नुसतं कुंचल्यानं फासलं, नि वाळूत ओढताना तळाचं सगळं खरवडून गेलं. मला कळत नव्हतं असं नाय. एकदा टिचकी मारून बघायला पण गेलो नाय, आपलाच शब्द आपल्याला खरा वाटला. दिवाळीनंतर भर दुपारी, समुद्र शांत असताना, तळाची फळी फुटली नि मचवा बुडाला. दोघे खलाशी पोहत आले, गोविंदा आला नाय. फळी चार दिवसांनी मांडवीला लागली, ती मी नुसत्या हातानं मोडली. मीच मारला त्याला, दुसरं काय.

सायेब बदलून गेला. लोक अजून लाकूड दाखवायला येतात, मी हातोडी उचलत नाय. गेल्या महिन्यात गोविंदाची बायको आली, दाराच्या चौकटीचं लाकूड घेऊन, भावोजी, तुमी म्हणाल तर लावते. तिच्यासाठी तेवढी टिचकी मारली. खणखणीत लाकूड, पण लाव म्हणायला तोंड उघडेना. दुसऱ्या कुणाला विचार म्हटलं, तर म्हणते, तुमच्यापेक्षा कुणाला जास्ती कळतं. ते लाकूड अजून माज्या पडवीत पडलंय, नि ती दाराला गोणपाट लावून राहते. देव तिला सुखी ठेवो, माज्यानं आता कुणाला हो म्हणवत नाय.