ओळख द्यायला आलेली बाई

—तोंड कशाला लपवताय, सरदार मार्सियान? दाढी वाढली म्हणून काय ओळखणार नाही होय मी? आणि तुम्हाला काय हवंय तेही ठाऊक आहे मला — मी तुमच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्या इराणी कारकुनाला ‘हा आमचा’ म्हणून सांगायचं, की झालात मोकळे. गावचं कुणी ओळख देणारं निघालं नाही तर परत बेड्या. आपल्या नि इराणच्या बादशहांनी तह केला खरा, पण ते काय तुम्हाला ओळखतात? नाही. ओळखते ती ही शमूनी, बेथ-कर्माची भाकरीवाली.

दमा जरा. सकाळपासून एकेका कैद्याचं तोंड बघत आलेय मी. माझा पोरगा हबीब काही दिसला नाही. नुकतं मिसरूड फुटत होतं हो त्याला. मेंढरं हाकत तटाकडं पळत येत होता, गावातली सगळीच पोरं येत होती — आणि तुम्हाला वरून काय दिसलं? धूळ. इराणी घोडेस्वार आले म्हणून वेशीला अडसर घातलात. बरं, घातलात, माणूस चुकतो. पण मेंढरं वेशीला भिडून ओरडत होती. घोडे काय बें बें करतात? पोरं दार बडवत होती, आम्ही बाया तुमच्या पायांवर लोळत होतो, आणि तुम्ही काय म्हणालात — आता दार उघडलं तर शिपाई मला हसतील. मग खरे घोडेस्वार आले. तट त्यांना फुटला नाही, पोरं तेवढी उचलून नेली. पुढं तुम्ही मागच्या दारानं पळालात आणि त्यांच्याच तावडीत सापडलात. मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या कैदेत कुठं दिसला का हो तो? डाव्या भुवईवर व्रण आहे, चालताना शीळ घालतो... नाही? नीट आठवून बघा ना, तुमच्या पाया पडते. — नाही. बरं. नाही तर नाही.

जाऊ नका, बसा. ठेवणार आहे मी हात. इथं कैदेत तुम्हाला भाकर मिळते, सावली मिळते. तिकडं गावच्या वेशीपाशी त्या पोरांच्या आया बसल्यात, सगळ्यांचं एकच म्हणणं — शमूने, पोरं मिळाली तर आण, नाहीतर तो सरदार तरी आण.

आता का मान हलवतोस रे? इतका वेळ तर हात जोडत होतास.

कारकूनसाहेब, इकडं बघा. हा आमचा. सोडा त्याला. चल, ऊठ.