फुलीबाईचं ताट

११ मार्च २०२५. अक्कलकुवा. ऊन कडक, दुपारनंतर कोरडा वारा.

जीप पाचला सुटते, दलसिंगभाऊ, अजून वेळ आहे — ये, सावलीत बस. तुझी फुलीबाई झोपलीय, डोळा लागलाय तर लागू दे. मी? मी छबूबाई, इथली स्वयंपाकीण. डोंगरातल्या बाया बाळंतपणाआधी या माहेरघरात येऊन राहतात, त्यांना दोन वेळ रांधून घालते. होळीसाठी न्यायला आलास, कळलं मला. या पोरासाठी देवाला मानता केलीस, पाच वर्षं होळीत बुध्या होऊन नाचायचं — मी कुठे नाही म्हणते? लाव अंगाला राख, बांध कमरेला भोपळे, रातभर नाच. पण तिला कशाला नेतोस? घरची बाई होळीला घरात पाहिजे — हो, ऐकलं! तुझी आई फोनवर बोलत होती ते आमच्या कुकरच्या शिट्टीतूनही ऐकू आलं.

तिचे पाय बघितलेस? बोट दाबलं की खड्डा पडतो. रक्त कमी. जीप रस्त्यापर्यंत, पुढे दोन डोंगर चालायचे — कसं चालेल ती? नर्सबाईंनी सांगितलंच असेल, मी नव्यानं काय सांगणार.

मी तर खूश होते रे. तिचं ताट रोज पुसल्यासारखं चकाचक यायचं. बाकीच्या टाकतात, डाळ अळणी म्हणतात — मी सांगायची, खावं तर फुलीबाईसारखं. आणि परवा झाडताना खाटेखाली गाठोडं निघालं. भाकरीचे तुकडे, वाळवून ठेवलेले. कोणासाठी? तुझ्यासाठी, अजून कोणासाठी! ऊसतोडीला जाताना वाळल्या भाकरी बांधून नेता ना तुम्ही. आणि वर तुझी आई सांगून गेलेली — जास्त खाऊ नको, पोर मोठं होईल, अडेल. म्हणजे दोन्हीकडून भाकरी तिच्याच ताटातली गेली.

रागावले मी. मग रागावून काय करू? तिची भिली मला येत नाही, माझी अहिराणी तिला समजत नाही. ‘जेवी ले माय’ म्हटलं की नुसती हसते. संध्याकाळी बाकीच्यांना नवऱ्यांचे फोन येतात, ही पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघते. उसात तुझा फोन लागत नाही, माहीत आहे — तुला बोलत नाही मी. काल माझं ताट घेऊन तिच्या खाटेवर बसले, तर दीड भाकर खाल्ली पोरीनं! रक्तवाढीची लाल गोळीसुद्धा घेतली, तोंड वाकडं न करता. सोबत कोणी बसलं की खाते. आणि मानतेत तू तर बायकोच्या हातचं खाणार नाहीस, तिच्याजवळ बसणार नाहीस — मग तिकडे तिच्यासोबत जेवणार कोण? तुझी आई?

माझी लेक भाविका सुरतला आहे. सातवा महिना. जेवलीस का विचारलं तर ‘जेवले गं आई’ म्हणते नि फोन ठेवते. मला काय दिसतं तिचं ताट? दोघींसाठी भाकरी थापतेय असं वाटतं कधी कधी, हात दुखून येतात... जाऊ दे. मी कुठचं कुठे नेलं.

तर असं कर — तू एकटा जा. नाच, मानता फेड, मग ये. आईला सांग, छबूबाईनं अडवलं. शिव्या मला घालू दे, मला सवय आहे.

फुलीबाई उठली बघ. पिशवी भरलीय तिनं? आधीच? ...बरं. तिलाच होळी पाहिजे असेल. इथे भिंतीशिवाय आहे काय तिला.

बरं बाबा. थांब, भाकरी बांधून देते. तिच्या एकटीपुरत्या. जा आता, मला भांडी पडलीत.

पाचच्या जीपने दोघं गेले. १५ मार्चला पहाटे फुलीबाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून रुग्णवाहिकेने दवाखान्यात. मुलगी, एक किलो नऊशे ग्रॅम. फुलीबाईला दोन पिशव्या रक्त चढवलं. दोघी जिवंत आहेत.