अण्णांचा ओरडा

कोथरूडच्या एका इस्पितळात दुपारी मी बिलाच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक बाई आणि त्यांचा भाऊ होता. त्यांचे वडील नुकतेच वारले होते.

“माधव, जुईला आज काही सांगायचं नाही.”

“ताई, तासाभरात अण्णांना वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं आणि नातीला पत्ताच नाही?”

“उद्या तिची स्पर्धेतली शेवटची मॅच आहे. तिकडे स्वीडनमध्ये रडायला लागली, तर बारा वर्षांच्या पोरीला जवळ कोण घेणार?”

“आणि आजच्या मॅचनंतर तिचा फोन आला तर? मॅच झाली की अण्णांचा ओरडा खाल्ल्याशिवाय जेवत नाही ती.”

“मीच ओरडेन.”

“तुला फुटबॉलमधलं काय कळतं?”

“गोलकीपरला काय ओरडायचं ते ऐकून ऐकून पाठ झालंय.”

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर लावला.

“आई, आजोबांना दे.”

“त्यांचा घसा बसलाय गं. मोबाइलवर पाहिली त्यांनी मॅच. म्हणतात, आजही गोल सोडून पुढे धावलीस, गाढवासारखी.”

“असं म्हणाले?”

“हो. इथेच बसलेत.”

“आई, आज मला खेळवलंच नाही. बाहेर बसवलं होतं.”

बाईंनी हातातली फाइल माधवकडे दिली.

“तिथे अजून कोण आहे?”

“मामा आहे.”

“ऑफिस सोडून?”

“हो.”

“मामाला दे. त्याला खोटं बोलता येत नाही.”

रांग पुढे सरकली. ती दोघं जागची हलली नाहीत.