ओवलेली सुई

— ओवा की पाव्हनं, एवढी सुई. गोधडी अर्धी ऱ्हायलीय अन् माझं हात थकलं — हातच, डोळं न्हाईत, डोळं घारीवानी हायेत. बसा, एस.टी.ला लई येळ हाय. नुसतं हूं हूं करताय, घसा बसलाय व्हय? असू द्या, मी बोलते. माझ्या सहादूचं लगीन हाय आठ दिसांनी. पोरगी श्रीगोंद्याकडची, मनकर्णा. कशी निवडली, ठाव हाय? बाकीच्या बाया पोरीला चालून दाव म्हनत्यात, मी आपली पिशवीतनं सुई काढायची — ओव गं बाई. तिसगावची रडली, दुसरीनं बोट टोचून घेतलं, मी लई हसले. मनकर्णेनं मातर पापनी लवायच्या आत ओवून हातात दिली. तितंच सुपारी फोडली.

एवढी पारख कशापायी? अवो, घरात येक तरी डोळस नगं का — म्हंजी, तसं न्हाई... जाऊ द्या, तुमी वाटसरू, कुनाला सांगताय. सहादूला दिस मावळला की दिसत न्हाई. ल्हानपनापून. शेतातनं बैलाचं शेपूट धरून यायचा, बैलाला घर ठाव. लोकं म्हनायची, बैलावर काय जीव हाय पोराचा! मी म्हनायची, व्हय बाई, लई जीव. पोरगी बघाया समदीकडं भर दुपारीच गेलो. पन औंदा दुस्काळ, बैल छावनीला धाडला. खडीच्या कामावरनं आता मीच त्याला हाताला धरून आनते — अन् माझ्याबी डोळ्याम्होरं धुकंच. काल दोघंबी वढ्यात पडलो. हसलो लई. मंग घरी येऊन मी रडले. म्हनून लगनाची घाई. बैल न्हाई तर सून.

ओवली का? अन् हसताय कशाला? — काय म्हनला? माझी सुई मनकर्णेच्या चुलतीनं घेतली अन् पदराआडनं ओवलेली दिली? तुमाला कसं ठाव —

आगं बया. व्याही? तुमी? म्होरं बसलाय अन् मला... पटका न्हाई आज तुमचा, म्हनून. — बसा वो, उठू नगा. सुपारी फुटलीया. मी गप, तुमीबी गप. येवढंच सांगा, तिला सांजचं तरी दिसतं का? ...दिसाबी न्हाई?

मंग त्या घरात दिवा लावायचा कुनी, व्याही?

ऱ्हाऊ द्या. उठा, दिस कलला, सहादू खडीवर वाट बघत आसंल. तेवढं मला हाताला धरून खडीच्या फाट्यापतूर सोडा.