चंदी तोडा

— नाय, नाय, भाऊ, तिच्या मागं नका उभं राहू, इकडं या, हितं पडवीत बसा. लाथ कुठून येईल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं या दिवसांत. जगन, माझा लेक, भुसा आणायला वडखळला गेलाय, येईल इतक्यात — पण तो आला तरी उत्तर तेच हाय जे मी दिलं. परवाच्या वरातीला घोडी मिळायची नाय. रोह्याची घोडी दुसऱ्यानं आधीच ठरवली म्हणून तुमी वरसे गावाहून पेणला आलात, उन्हातनं आलात, समजलं मला. पण तिच्याकडं बघा तरी. जमीन कशी उकरते? कान बघा, एक पुढं नि एक मागं. सकाळधरनं खुंट्याभोवती फिरून फिरून दावं गुंडाळून घेतलंय, जगन सोडवायला गेला तं खांद्यावरचा शर्ट फाडला दातानं. चावरी नाय हो ती! एरवी या, लहान पोर पाठीवर बसवलंत तरी मान हलवायची नाय. पण शिमग्याची राख गार झाली नि चैत्राची हवा लागली, की घोड्याच्या जातीत वारं शिरतं — तट्टू असो, टांग्याचा असो, वरातीचा असो. थंडीत जो हाकलल्याशिवाय पाय उचलत नाय, तो पान हललं तरी उडतो. कागद उडाला की उडतो, बाईनं पदर झटकला की उडतो. नि घोडी असली तं ती माजावर येते, मंग विचारूच नका. — लाजताय काय? जनावराची गोष्ट हाय. तिला आता टेम्पोत चढवायची, नवरीच्या गावाला, निडीला न्यायची, बँड वाजवायचा, फटाके फोडायचे, नि वर कंपनीत शिफ्ट करणारा तुमचा भाचा बसवायचा, ज्यानं उभ्या जन्मात बैलाच्या शेपटीला हात लावला नसंल. नाय.

काय म्हणालात? — परत बोला. चंदी तोडा? कुणी शिकवलं तुमाला हे? तिकडच्या टांगेवाल्यानं? सांगणारच तो, जुनी रीतच हाय ती. घोडं डोक्यावर बसायला लागलं की त्याची चंदी तोडायची. भिजवलेला हरभरा बंद, भुसा बंद, नुसतं सुकं गवत नि पाणी. अंगातली रग उतरते, मान खाली येते, मंग बसवा कुणाला बसवायचं त्याला. माझा नवरा पण करायचा. कान्हू टांगेवाला, पेण ते वडखळ, जुन्या माणसांना विचारा. तोंडात सदा शिवी, पण चाबूक घोड्याच्या अंगाला लावला नाय कधी, हवेत वाजवायचा नुसता — मारायचा नाय, पण चंदी तोडायचा. तोडा, घोड्याची तोडा, मी कुठं नाय म्हणते. आमच्या पुतळीची पण तोडली, तिथं कोण काय म्हणालं?

पुतळी? घोडी नाय हो. माझी लेक. थोरली, जगनच्या वरची.

बसा. उठताय कशाला? सुनेनं चहा ठेवलाय. निघालंच हाय तोंडातनं तं ऐका आता.

पुतळी म्हणजे काय सांगू — हसली की बाजारपेठेत ऐकू यायचं. बापाच्या बाजूला बसून टांगा हाकायची, वडखळच्या नाक्यावर अलिबागची गिऱ्हाइकं हाका मारून बोलवायची. बायका मला म्हणायच्या, बायजाबाई, पोरीला आवर गो. कान्हू म्हणायचा, माझी पोर हाय, हसू दे. मंग खाडीकाठच्या एका घरातनं मागणी आली, मिठागरावर कामाला जाणारी माणसं. नवरा काळुराम. मुलगा वाईट नव्हता — वाईट नव्हता म्हणजे काय, त्याला बरंवाईट असं काय नव्हतंच. आई म्हणंल ते. आईचं नाव धोंडुबाई. तं लगीन ठरलं चैत्रातलं, मांडव ह्याच अंगणात, नि वरातीला घोडी कुणाची? आमचीच! मोगरी नाव तिचं, कापसासारखी पांढरी. नवरीच्या बापाच्या घोडीवर नवरा बसून येतो असं कुठं ऐकलंय? पण कान्हूला मोठी हौस. आणि मोगरी तेव्हा अशीच होती, आता ही हाय तशी, अंग घामेजलेलं, शेपूट वर, पाण्याच्या बादलीत तोंड घालायची नि बादलीच उलथायची. मी म्हटलं, हिचं लक्षण बरं नाय, जावयाला चालत आणा. तं म्हणाला, "पेणच्या बाजारातून माझा जावई चालत येईल? लोक काय म्हणतील? लगाम माझ्या हातात हाय गो, तू तुझे पापड बघ."

समोर ती चिंच दिसते? तिच्याखाली तेव्हा जनू टांगेवाल्याचा घोडा बांधलेला असायचा. काळा, धिप्पाड, खच्ची न केलेला. कुणाच्या ध्यानात यावं? लग्नाची गडबड. वरात वळली, बँडवाल्यानं सूर लांबवला, नि मोगरीच्या नाकाला वास लागला. चिंचेखालनं जनूचा घोडा खिंकाळला. हिनं उत्तर दिलं. असं उत्तर दिलं की पोटातली पोरं दचकावीत — नि उठली दोन पायांवर. कान्हू लगामाला लोंबकळतोय, करवल्या पळताहेत, बँडवाला मूर्ख डोळे मिटून वाजवतोच हाय, नि काळुराम बाशिंगासकट, त्या तिथं, भांड्याचं पाणी सोडतो नं आमी, त्या चिखलात. फेटा एकीकडं, नारळ एकीकडं. हात मोडला नाय, पाय मोडला नाय. नुसता चिखल. उठून बसला नि बाशिंगाच्या मुंडावळ्यांतनं टकामका बघायला लागला.

नि आतनं आमची पुतळी हसली.

खिडकीशी उभी होती. हळद लागलेली, हिरवा चुडा भरलेला, नि हसली. रोजच्यासारखी हसली हो, दुसरं काय. कुणी पडलं तं हसू येतं माणसाला. तुमालाही आता आलं, मी बघितलं. पण बँड नेमका त्याच वेळेला थांबलेला. सगळ्या मांडवानं ऐकलं. धोंडुबाई पुढं आली, कमरेवर हात ठेवला नि म्हणाली, "घोडीलाही माज नि पोरीलाही माज. घोडीचं तुमी बघा, व्याही. पोरीचं आमी बघतो." लोक खो खो हसले. गमतीतच म्हणाली ती, तोंड हसरं होतं. आणि कान्हू — लगाम हाताला गुंडाळलेला, तळवा सोललेला — त्यानं तसेच हात जोडले नि म्हणाला, "व्हय, व्हय, तुमी बघा." नि तोही हसला.

अक्षता पडल्या, लगीन लागलं. तिला पुढं काय वाढून ठेवलंय, ते मला तरी कुठं कळलं?

मिठागराचं काम उन्हाळ्यातलं, ठाऊक असंल तुमाला. पाणी आटलं की मीठ ओढायचं, टोपलीनं वाहायचं, डोकीवरनं खारं पाणी मानेवर गळतं नि कातडं सोलतं. नवी नवरी हळदीच्या अंगानं तिथं उभी. ती जेवायला बसली नि काय तरी बोलली, काय ते मला ठाऊक नाय, भाकरी कडक हाय म्हणाली का काय — तं धोंडुबाई म्हणाली, "टांगेवाल्याची पोर नं तू? तुझ्या घरी माज आला की काय करतात? चंदी तोडतात." नि ताटातली भाकरी उचलून घेतली. घर हसलं. पुतळीसुद्धा हसली! तिनंच सांगितलं मला, आई, मला वाटलं गंमत करतायत. मंग ती गंमत रोजची झाली. मोठ्यानं हसली, चंदी तोडा. शेजारणीशी उभी राहिली, चंदी तोडा. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलली, चंदी तोडा. मारलं नाय हो कुणी! ते धोंडुबाई आजही छाती ठोकून सांगते — आमी पोरीला बोट लावलं नाय. खरं हाय. आमीपण घोड्याला बोट लावत नव्हतो.

गणपतीला आली तं मी ओळखली नाय. दारात उभी, मी म्हटलं, कोण गो? गळ्याची हाडं दिसत होती, चुडा कोपरापर्यंत वर सरकत होता. ताट वाढलं तं माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं, जेव. ती म्हणाली, "जेवू?" — विचारलं तिनं. आईच्या घरात. ... आणि कान्हूला धोंडुबाईचा निरोप, पोरगी कशी वळणावर आली बघा.

तो उठला, तबेल्यात गेला. मोगरीची चंदी तोडलेली होती तेव्हा, पुढं विसर्जनाची मिरवणूक होती म्हणून. त्यानं हरभऱ्याची पाटी उचलली नि सगळी तोबऱ्यात ओतली, घोडी खात होती नि हा तिच्या मानेवर कपाळ टेकून उभा. मला वाटलं, आता हा टांगा जोडणार, जाऊन पोरीचं गाठोडं घेऊन येणार, धोंडुबाईला दारात उभं करून चार शिव्या देणार. त्या दिवसापासनं मरेपर्यंत त्यानं कुठल्या घोड्याची चंदी तोडली नाय. कुठल्याच. पण लेकीला आणायला नाय गेला. गौरी गेल्या नि स्वतः टांग्यात बसवून परत पोचवून आला. का? तं लोक काय म्हणतील. नि मोगरी विकली माथेरानला — का? तं धोंडुबाई म्हणाली होती, त्या घोडीचं तोंड आमाला दाखवू नका.

मेली नाय पुतळी. हाय. दोन मुलगे झाले, तेही मोठे झाले. येते गौरीला, अंगणात बसते, मांडीवर हात ठेवून. कुणी थट्टा केली की आधी सगळ्यांच्या तोंडाकडं बघते, मंग पदर तोंडावर घेते. मेली असती तं रडून मोकळी झाले असते मी. आई असून बोलतेय, ऐकायला बरं नाय वाटत, व्हय नं? मलाही बोलायचं नव्हतं.

आणि गेल्या चैत्रात कोण आलं असंल ह्याच पडवीत, तुमी बसलाय तिथंच? धोंडुबाईचा धाकटा लेक. त्याच्या पोराचं लगीन, घोडी पायजे. धोंडुबाई म्हणे नवरीच्या मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसणार, नातवाची वरात डोळ्यानं बघायची हाय तिला. आणि ही घोडी अशीच, पेटलेली. जगन नाय म्हणत होता. मी म्हटलं, दे. मी म्हटलं, घेऊन जा, दणक्यात बँड लावा, तुमच्या धोंडुबाईच्या खुर्चीसमोर नाचवा. खोगीर मी स्वतः काढून दिलं. माझ्या डोळ्यासमोर सगळं दिसत होतं हो — खुर्ची उलटलेली, नातू चिखलात, म्हातारीचं ते वासलेलं तोंड. इतकं गोड वाटलं मला, सांगू नये इतकं. मंग काय झालं? मंग माझं मलाच सुचलं, की तो पडला तं बोल कुणाला लागणार? धोंडुबाईला? नाय. घोडीला? तिला कोण बोलतंय. आत पाटावर बसलेली जी कोण पोर असंल, तिला. नि ती हसली-बिसली तं? ... म्हणून खोगीर परत खुंटीला टांगलं. धोंडुबाई वाचली. त्या पोरीपायी वाचली.

नाय, पैसे वाढवू नका, खिशात ठेवा. — बरं, असं करा. तुमी लांबनं आलात, रिकाम्या हातानं धाडायचं मलाही जड जातं. जगनला म्हणते मी, स्वतः लगामाला राहील. पण मांडव दिसायला लागला की नवरदेवानं खाली उतरायचं. चालत जायचं दारापर्यंत. — फोटोवाला? त्याला घोडीचे फोटो काढू द्या, ती तुमच्या भाच्यापेक्षा बरी येईल फोटोत. कबूल? बघा बरं, नंतर मागं फिरायचं नाय. नि आणखी एक. आज जाताना निडीला उतरा, नवरीकडं निरोप द्या. बापाला नाय, तिला. म्हणावं पेणच्या म्हातारीनं सांगितलंय, घोडी माजावर हाय, उधळली तं दोष घोडीचा, तुझ्याकडं त्याचा बोल नाय. नि हसू आलं तं हस. असं सांगायचं, समोर उभं राहून, नाव घेऊन. — काय नाव तिचं?

मी नाव विचारलं. बाप रेल्वेत हाय ते सांगितलंत मघाशी. किती शिकली ते नाय विचारत मी. — भाच्याच्या मोठ्या भावाची मेव्हणी निडीतच दिलीय, व्हय, चांगलं झालं. पोरीचं नाव.

परवा लगीन हाय, नि नाव ठाऊक नाय.

हां. चहा आलाय बघा, तो घ्या. नि तशीच एस.टी. धरा. नागोठण्याला फुलं लावलेली मोटार मिळते वरातीला.

नाय, आता थांबू नका. जगन आला तरी तेच सांगंल. जावा.