एका बाजूचा ब्लाउज

बंद करा म्हणजे? काय बंद करू, आमोदराव? पंखा करते, गार वाटत असेल तर. रेडिओ करते. पण तुम्ही म्हणताय ते बंद करायचं बटण माझ्याकडे नाही — आणि माझ्याकडे नाही म्हणजे दुसऱ्या कुणाकडे आहे असंही नाही, कुणाकडेच नाही, तीच तर गंमत आहे. बसा. त्या खुर्चीवर नको, अस्तरं ठेवलीत. स्टुलावर बसा, चाळीस वर्षं बायका त्याच स्टुलावर बसून ब्लाउज बेतायला शिकल्या, तुमची आईसुद्धा. नोटीस? वकिलाची? ठेवा टेबलावर, कागद चांगला जाड दिसतोय. पण काय हो, नोटीस तर पोस्टानंही येते, शनिवार पेठेत पोस्टमन येतो अजून — तुम्ही स्वतः तीन जिने चढून आलात, म्हणजे काम वेगळं आहे. ती पिशवी का लपवताय पायामागे? असू दे. येऊ तिच्याकडे. — आणि 'मावशी' म्हणू नका. सुहासिनीबाई म्हणा. मी नाही का 'अरे' सोडून 'आमोदराव' म्हणायला लागले? 'अरे' घरच्या माणसाला.

तर काय विचारत होतात — हे सगळं चालवतं कोण? कुणी नाही. सातवी पास बाई सांगते, ऐका, आणि तो फोन खाली ठेवा. दही लावता ना घरी? तुम्ही कशाला लावाल, पिशवीतलं आणत असाल. तुमची वेबसाइट म्हणजे डेअरी. माल एका ठिकाणी, मालक एक, शटर त्याच्या हातात. त्यानं शटर ओढलं की सगळ्या पेठेची कढी बोंबलली. आमचं आहे विरजणासारखं. वैष्णवीकडचं संपलं, ती निशाकडून चमचाभर आणते. निशाचं नासलं, ती माझ्याकडून नेते. पहिलं विरजण कुणाचं? कुणाला ठाऊक! आता सगळ्याच घरांत आहे आणि प्रत्येक घरात अख्खं आहे. एकशे त्रेचाळीस कॉम्प्युटर आहेत आमच्या जाळ्यात, सगळे माझ्याकडे शिकलेल्या बायकांचे, आणि प्रत्येकावर तोच फोल्डर — माझ्या सगळ्या बेतण्यांचा. घेणारी तीच देणारी. पिअर टू पिअर म्हणतात त्याला. पिअर म्हणजे बरोबरीची, वरची नाही नि खालची नाही. मांजरी गावातल्या वैष्णवीचा कॉम्प्युटर सकाळी उठतो, बाकीच्यांना विचारतो, 'नवीन काय गं?' — ज्या फाइलवर तारीख नंतरची, ती मुकाट्यानं घेतो आणि आपली जुनी पुसून टाकतो. कुणी सांगावं लागत नाही. चालू झाला, नेट मिळालं, की पहिलं काम हेच. हे नीट लक्षात ठेवा — ठेवताय का? नाही, फोनकडेच बघताय. बरं.

आणि हे शिकायची पाळी कुणी आणली माझ्यावर? सदुसष्टाव्या वर्षी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एक एक इंग्रजी शब्द वहीत उतरवून? तुम्ही. 'मावशी, तुमचे कागद द्या, स्कॅन करून वेबसाइटवर टाकू, जगभर जातील.' दिले. चाळीस वर्षांचे खाकी कागद दिले, ते तुमच्या ऑफिसच्या हलवाहलवीत गहाळ झाले. आणि एका सकाळी पासवर्ड घालते, तर म्हणे चुकीचा आहे. माझ्या नवऱ्याचं नाव होतं ते, ते कसं चुकेल? एकट्या मलाच नाही, सगळ्या बायकांना दार बंद. आणि दारावर पाटी कसली — 'आमोद पद्धत'! तुम्हाला काज करता येतं का हो? बटण तरी लावता येतं? आणि मी कुठे होते? पार तळाला — 'विशेष आभार : स्थानिक कारागीर महिला.' स्थानिक! कारागीर! महिला! तीन शब्द खर्च केलेत, नाव लिहिलं असतंत तर एकात भागलं असतं. — नशीब, फायली माझ्या कॉम्प्युटरवरही होत्या, त्याच मी वाटल्या. आणि तुमची आई — मंदाकिनी तुमच्याशी भांडली नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. इथे येऊन म्हणाली, 'सुहास, मला पण जोड.' तुमच्याच घरात, तुमच्याच नेटवर, मागच्या खोलीतला तिचा कॉम्प्युटर आमच्या जाळ्यात होता. अडीच वर्षं तुमच्या नाकाखालून माझ्या बेतण्या गावभर जात होत्या, आमोदराव. माहीत नव्हतं? आता झालं.

द्या ती पिशवी. — बघा, म्हटलं नव्हतं? एका बाजूचा ब्लाउज. छातीचं ऑपरेशन होऊन एक बाजू काढलेल्या बाईचा. परत आला ना? कितवा? — सत्तावीस! बाहीच्या मुंढ्यात काचतो, काखेत वळ उठतो, हात वर होत नाही, बरोबर? मला कसं कळलं म्हणजे? मीच घातलाय तो काच. हो, मी. तुमच्या लबाडीचा वास आधीच आला होता मला, म्हणून शेवटची फाइल तुमच्या हाती दिली, तेव्हा तिच्यात मुंढ्याचे बिंदू सरकवून दिली. सात की आठ — रागात केलं, कुठले नि किती ते लिहून नाही ठेवलं. मुद्दाम हीच बेतणी निवडली, कारण तुम्ही सगळीकडे हिचाच डांगोरा पिटत होतात. चोरलेलं चोराला पचू नये, एवढंच. — असे काय बघताय? बाईच्या जखमेवर, म्हणता? ते तुम्ही नका सांगू मला. ते मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. मार्केट यार्डात कांदे निवडते ना, तुळजाबाई, तिचीही एक बाजू काढलेली — ती आली होती तीन महिन्यांपूर्वी. भांडली नाही. ब्लाउज इथे टेबलावर ठेवला नि म्हणाली, 'बाई, तुमच्या हातचा हाय म्हून घातला, पर लई टोचतोय ओ.' तुमच्या वेबसाइटवरचा नव्हता तो, आमोदराव. निशानं शिवला होता. आमच्या फोल्डरमधून.

कसा म्हणजे? वैष्णवी! बिचारीनं तुमच्या वेबसाइटवरून तीच फाइल पैसे भरून घेतली, नवीन दिसली, तिला वाटलं बाईंनी सुधारली असणार — दिली फोल्डरमध्ये टाकून, त्याच नावानं. आषाढात. आणि सगळ्यांनी मुकाट्यानं घेतली. नासकं विरजण घरोघर. माझ्यासुद्धा घरी. जुनी प्रत बाजूला राखायची सोय असते हो त्यात, पण एकटीनं शिकले ना, तेवढं एक पान उलटायचं राहिलं. तीन महिने झाले, रोज पुन्हा काढायला बसते, पण मुंढ्याचा तो बाक हातातून येत नाही. मंदाकिनीच्या अंगावर काढला होता तो, तिच्या ऑपरेशननंतर — टाचण्या लावायच्या, उसवायचं, पुन्हा लावायच्या — एकोणीस वेळा. ती हूं की चूं करायची नाही. एकशे बेचाळीस कॉम्प्युटर नासले, एक सोडून, तिचा तेवढा, तो ती चैत्रात गेली तेव्हापासून बंदच असणार तुमच्या मागच्या खो—

काय झालं? उठलात का? बसा हो. काही नाही म्हटलं मी. म्हाताऱ्या माणसाची बडबड — फोन कुणाला लावताय?

ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे. 'स्पृहा, आईचा कॉम्प्युटर चालू कर, मी निघालोच.' केला तिनं? लागलीच? गुणाची आहे मंदाकिनीची सून. आता कुठे निघालात? दोन मिनिटं बसा, पाणी घ्या. माठातलं आहे. — तुमच्या आईला एक सवय होती, मागची ती निळी नेटची वायर कधी काढायची नाही ती. कधीच नाही. — घ्या ना पाणी. — झाली असतील दोन मिनिटं. आता विचारा स्पृहाला, त्या फाइलवर तारीख कुठली दिसते. विचारा, विचारा.

आषाढातली?

हं.

पांढरे का पडलात? मघाशी सांगितलं होतं — चालू झाला, नेट मिळालं, की पहिलं काम हेच. तुम्ही फोनकडे बघत होतात. स्पृहाशी बोलत होतात तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं : 'आधी वायर काढा.' तीनच शब्द. तुम्ही माझ्यावर खर्च केलेत तेवढेच. ओठावर आले होते — नाही म्हटले. जीभ टाळूला लावून बसले. जगातली शेवटची चांगली प्रत होती, आणि ती तुमच्या हाती पडण्यापेक्षा गेलेली बरी, असं वाटलं मला. अजूनही वाटतं. विचारा पुन्हा, पुन्हा तेच सांगीन.

नाही, माझंही गेलं म्हणून खूश होऊ नका. त्या कपाटाचा खालचा खण ओढा. पांढरी पिशवी आहे. — हो. आईचाच. विसाव्या वेळी बसला तो पहिला. शेवटचं हॉस्पिटलात जाताना माझ्याकडे ठेवून गेली, म्हणाली, 'आल्यावर घालीन.' धुतलेला नाही. मी धुतला नाही. ह्याला वायर नाही, तारीख नाही, ह्याच्यावर कुणाची दुसरी फाइल चढत नाही. टीप न् टीप उसवून कागदावर सपाट पसरला, की तो बाक जसाच्या तसा मिळतो, आणि एकदा मिळाला की बाकीची मापं मी झोपेत काढीन. पण उसवावा लागेल. सगळा. तीन महिने हात लावला नाही मी ह्याला — म्हटलं, तिचा कॉम्प्युटर आहे ना, कधीतरी तुमच्या पाया पडून का होईना, वायर काढून उघडता येईल. आता कॉम्प्युटरही नाही. ते माझ्या जिभेनं केलं.

रडू नका. घ्या, धरा चेहऱ्याशी, वास आहे अजून, मला माहीत आहे. — पुरे. पुरे म्हणते ना. द्या इकडे. साडेपाचला तुळजाबाई येणार आहे मापाला. ते ब्लेड कुठे — नको, तुझ्या हातून नको. निघ आता, आमोद. जाताना दार लोटून घे. आणि ती नोटीस राहू दे इथेच, कागद लागेल मला.