वाऱ्यामागे गेलेले छत

मी, वय वर्षे ५७, व्यवसाय नोकरी (फेरीबोटीच्या धक्क्यावरील तिकीट खिडकी), राहणार धक्क्यामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. नाव-गाव ठाण्याच्या वहीत आधीच लिहून घेतले आहे. धक्क्यावर मला तिकीटवाल्या बाई म्हणतात. आज रोजी समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की,

माझे पती वय ६३, शाळेच्या बसचे निवृत्त चालक, आज दुपारी जेवणानंतर कॅरव्हॅन तळावरून गेले ते अद्याप परत आलेले नाहीत. अंगात निळा सदरा, पायात घरातल्या चपला. फोन कॅरव्हॅनमध्ये चार्जिंगला आहे. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली आहे. उंची मध्यम, चाल भराभर. एका जागी बसण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली, जुनी असून यांच्या निवृत्तीनंतर घेतली. तिला बाजूने लावायचे सावलीचे कापडी छत घ्यायचे होते. तळ उंचावर, उघड्यावर आहे. वाऱ्यामुळे बोटी बंद झाल्या की खिडकीवर लोकांचे बोल मला ऐकावे लागतात, त्यामुळे वारा काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून छत मी निवडणार असे ठरले. दुकानात बरेच प्रकार पाहिले. एक पडद्यासारखे गुंडाळायचे, वारा आला की लगेच आत घ्यावे लागते. एक हवा भरून उभे राहणारे. एक लोखंडी दांड्यांचे. दुकानदार म्हणाला, "ताई, वारा अडवायचा नसतो, त्याला वाट द्यायची असते." मला ते पटले. मी फार पुढे न येणारे, उतरत्या छपराचे, बाजूला जाळी असलेले आणि वरून रुंद पट्टे टाकून जमिनीला बांधायचे लहान छत पसंत केले. त्यात दोन माणसे आरामात बसतात.

त्या वेळी हे कुठे होते असे विचारले असता सांगते की, हे तिथल्या सर्वांत मोठ्या छताखाली होते. ते तीन बाजूंनी बंद व समोर उघडे होते. हे त्याच्या खाली जाऊन खुर्चीवर बसत, उठत, दुसऱ्या खुर्चीवर बसत. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "काही नाही गं, बघतोय नुसता."

छत आणायला हे एकटे गेले. तळावर पोचल्यावर यांनी पिशवी उघडली, तेव्हा ते मोठे छत निघाले. मी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही असे मी म्हणाले, परंतु जबाब लिहिणाऱ्या हवालदारबाई म्हणतात सगळे सांगा. मी म्हणाले, "अहो, एवढा पसारा कुणासाठी मांडलाय? येणारंय कोण?" यांनी मेखा ठोकायला घेतल्या. छत उभे केले. मग कॅरव्हॅनच्या मागून दोन लहान मुलांच्या घडीच्या खुर्च्या काढल्या व छताखाली मांडल्या. त्या खुर्च्या मी पूर्वी पाहिलेल्या नव्हत्या.

आम्हाला एक मुलगी असून तिला दोन मुले आहेत. ती येणार होती काय, असे विचारले असता, तसे काही ठरले नव्हते. मुलीशी वाद आहे काय, असे विचारले असता, वाद नाही. येणेजाणे कमी आहे.

आज सकाळपासून वारा वाढत होता. मी यांना छत उतरवायला सांगितले. यांनी दोर आणखी ताणले आणि म्हणाले, "बघ, हललं तरी का? उगाच नावं ठेवत होतीस." जेवणानंतर वारा फिरला व समोरच्या उघड्या बाजूने आत शिरला. छत फुगले. मेखा एकामागून एक निघाल्या. मी एक दांडा धरला, त्याने माझ्या उजव्या तळहाताला लागले आहे; येथे पट्टी बांधली. छत कॅरव्हॅनच्या टपावरून पलीकडे गेले. हे त्यामागे पळाले. मी ओरडले, "अहो, जाऊ द्या ते!" यांनी मागे पाहिले नाही.

शेजारच्या कॅरव्हॅनमधील कुत्रेवाल्या गृहस्थांनी यांना बांध ओलांडून जुन्या खाणीच्या दिशेने जाताना पाहिले. मी बांधापर्यंत गेले, हाका मारल्या. पलीकडे कोणी दिसले नाही. खाणीच्या कडेला कुंपण नाही. मी परत येऊन वाट पाहिली, पुन्हा गेले, पुन्हा आले, मग याच गृहस्थांच्या गाडीने ठाण्यात आले.

कोणावर संशय आहे काय, असे विचारले असता वाऱ्यावर आहे असे मी म्हणाले. हवालदारबाईंनी ते लिहिले. राहू द्यावे.

जबाब चालू असताना मी वारंवार उठून खिडकीशी गेले, हे खरे आहे. यांना शोधायला गेलेल्या शिपायांनी खाणीची खालची वाट पाहिली काय, हे मी पुन्हा पुन्हा विचारले, हेही खरे आहे. मला पाणी देण्यात आले.

जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक मागितला, तो मी मुलीचा तोंडपाठ सांगितला. बाईंनी फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "आई? तू? काय झालं?" मी म्हणाले, "छत वाऱ्यामागे गेलं, बाबा छतामागे गेले." ती म्हणाली, "कसलं छत?" मी म्हणाले, "मोठं आहे. तुम्ही आलात तर पोरांना बसायला." फोन कट झाला असे मला वाटले. मग ती म्हणाली, "मी निघते." वास्तविक मी नको म्हणणार होते. मी म्हणाले, "वारा आहे. सावकाश ये."

त्यानंतर ठाण्यात फोन आला. माझे पती खाणीच्या उतारावर एका कपारीत सापडले. पाय मुरगळला आहे, शुद्धीवर आहेत. वारा लागू नये म्हणून छताचे कापड अंगाभोवती गुंडाळून बसले होते. शिपायाने फोन त्यांच्या कानाला लावला. हे म्हणाले, "फाटलं नाही गं, एका कोपऱ्यात फक्त उसवलंय." मी त्यांना गोळीची आठवण करून दिली. फोन बाईंनी माझ्या हातातून घेतला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. छत दुकानात परत करणार काय, असे बाईंनी जाता जाता विचारले. नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वाचन अर्ध्यावर आले असता बाहेर शोधायला गेलेली जीप येऊन थांबली, त्यामुळे राहिलेला भाग मी दारात उभी राहून ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून बरोबर आहे. सही डाव्या हाताने व घाईत केलेली आहे, ती माझीच आहे.